क्रेडिट कार्ड थकलं म्हणून जेल होते का?

धायरीकर (धागाकर्ता)

माझा मावसभाऊ ३४ वर्षांचा. हिंजवडीतली नोकरी दिवाळीच्या आसपास गेली. कार्डावर १ लाख ८० हजार थकलेत. स्टेटमेंट मी स्वतः पाहिलं. महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे एका महिन्याचं व्याज ६,३०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १,१३४. मावशीकडून मागून घेऊन त्याने ९,००० भरले, त्यातले मुद्दलात गेले १,५६६. पुढच्या महिन्यापासून त्याने भरणंच सोडलं.

आता रोज फोन येतात. "वॉरंट निघालंय, पोलीस सोसायटीत येतील." बेल वाजली की मावशी आतल्या खोलीत जाऊन बसते.

माझं मत सांगतो. पैसे नसणं हा गुन्हा नाही. थकबाकी ही दिवाणी बाब आहे, जेल होत नाही, तेव्हा लोकांनी घाबरणं सोडावं. परवा कोर्टाचं म्हणून एक पाकीट आलं. मी म्हटलं, हेही धमकावण्यासाठीच असणार, ठेव फ्रिजवर. माझं चुकलं का?

निवृत्त बँकवाला, कर्वेनगर

चुकलंच. ३१ वर्षं बँकेत काढली म्हणून सांगतो. "जेल होत नाही" हे वाक्य ज्याची नोकरी गेली तो क्वचित म्हणतो. ऐपत असून न भरणारेच ते जास्त म्हणतात. कार्ड घेताना अटी मान्य केल्या, ५० दिवस बिनव्याजी पैसे वापरले, आणि फेडायची वेळ आली की बँक वाईट? ३० टक्क्यांवर व्याज नको असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निकाल होता, तो सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. तेव्हा "व्याज जास्त आहे" हा बचाव आता धरून बसू नका.

आणि जेल नाही म्हणजे काहीच नाही असं नसतं. त्याच बँकेत बचत खातं असेल तर त्यातून वळते करून घेतात. सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या अहवालावर, नोंद राहते. तडजोड करून निम्मे भरले तरी "सेटल्ड" असा शेरा पडतो, आणि पुढे घराच्या कर्जाला गेलात की मॅनेजर आधी तोच वाचतो.

वारज्याहून एक ताई

काका, तुमचं पटतं, पण फोनवर बोलणारी माणसं तुम्ही पाहिलेली नाहीत. माझे मिस्टर गेले तेव्हा त्यांच्या कार्डावर ६५ हजार होते. तेराव्याच्या आधी फोन सुरू झाले. मी शिकवते त्या शाळेच्या ऑफिसात फोन करून त्यांनी क्लार्कला आकडा सांगितला. तो दिवस मी विसरणार नाही. मी घाबरून २० हजार भरले. नंतर कळलं की नवऱ्याचं कार्डाचं देणं बायकोच्या डोक्यावर येत नाही. त्यांच्यामागे जी मालमत्ता आपल्याकडे आली, तेवढ्यापुरतंच ते मागता येतं.

सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही, नातेवाइकांना, ओळखीच्यांना त्रास द्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेचं २०२२ पासून स्पष्ट आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. पैसे पडत नाहीत. मी तक्रार केल्यावर फोन थांबले.

तीन वर्षं थांबा

सगळे उगाच घाबरवताय. मुदत कायद्याप्रमाणे तीन वर्षांत दावा लावला नाही तर बँकेला कोर्टात जाता येत नाही. नंबर बदला, पत्ता बदला, एक रुपया भरू नका.

शिवाजीनगर कोर्टात वकिली करते

वरचा सल्ला अर्धाच खरा आहे, म्हणून जास्त घातक. मुदत तीन वर्षांची, बरोबर. पण मुदत संपण्याआधी थकबाकी कबूल करणारं सहीचं पत्र दिलंत किंवा थोडी रक्कम भरून त्याची लेखी नोंद राहिली, की तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात. पत्ता बदलल्याने दावा थांबत नाही, फक्त तुमच्या पाठीमागे एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकाल, होतो.

जेलबद्दल. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी लिहिलं की निव्वळ ऐपत नाही म्हणून ऋणकोला तुरुंगात घालता येत नाही. पैसे असून मुद्दाम बुडवणाऱ्याला मात्र हुकूमनाम्यानंतर दिवाणी कैद होऊ शकते, जास्तीत जास्त तीन महिने. पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला अटक करता येत नाही. फौजदारी वेगळी: चेक दिला आणि वटला नाही तर चेकच्या कायद्याचं कलम १३८, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. ऑटो-डेबिट परत गेलं तरी तशीच तरतूद आहे. त्यामुळे वसुलीवाला "सिक्युरिटीला चेक द्या" म्हणाला तर देऊ नका.

जप्तीची भीतीही नीट समजून घ्या. दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीत, पगार जप्त झाला तरी पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश हात लावता येत नाहीत. ४०,००० पगाराचे महिन्याला १३,००० जातील. प्रॉव्हिडंट फंड सुरक्षित. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि बाईच्या अंगावरून रूढीने उतरवत नाहीत असे दागिने, म्हणजे मंगळसूत्र, जप्तीतून वगळलेले आहेत.

धायरीकर, आता तुमचं पाकीट. व्हॉट्सॲपवर येतात त्या "कोर्ट नोटिसा" बऱ्याचदा वसुलीवाल्यांनी बनवलेल्या असतात. पण बेलिफ (कोर्टाचा कर्मचारी) घेऊन आला असेल, कोर्टाचा शिक्का, दाव्याचा नंबर आणि सोबत दाव्याची नक्कल असेल, तर ते खरं समन्स आहे. समरी सूट, म्हणजे झटपट चालणारा दावा, असेल तर हातात पडल्यापासून दहा दिवसांत हजर व्हावं लागतं. नाही झालात तर बँक मागते ते खरं धरून हुकूमनामा होतो, लावलेल्या सगळ्या चार्जेससकट. कितवा दिवस आहे?

निवृत्त बँकवाला, कर्वेनगर

वकीलबाईंशी सहमत. वारज्याच्या ताईंची माफी मागतो, तसे फोन आमच्या काळात झाले असते तर मीच उभा राहून बंद केले असते. बाकी मतावर ठाम आहे. घेतलेलं फेडायचं असतं, आणि न जमल्यास स्वतः बँकेत जाऊन सांगायचं असतं.

धायरीकर (धागाकर्ता)

आत्ता मावशीकडे जाऊन आलो. पाकीट फोडलं. शिक्का आहे, दाव्याचा नंबर आहे, "समरी सूट" असंच लिहिलंय. मागणी २ लाख ४१ हजारांची. आज सातवा दिवस. काका, जाऊन सांगायची तयारी त्याची होती, थांबवलं मीच. दिवाणी म्हणजे सोडून देण्यासारखं, असा अर्थ मी काढला होता. पैसे नसणं गुन्हा नाही हे मी अजूनही म्हणतो, पण तेच आता कोर्टासमोर सांगायचंय.

उद्या सकाळी दोघं शिवाजीनगरला जातोय. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारू, पण उत्पन्नाचा दाखला लगेच निघेल असं वाटत नाही, म्हणून परवापर्यंत वकीलपत्र, म्हणजे वकील त्याच्या वतीने हजर असल्याचा कागद, तरी दाखल करायचं. कुणी वकील ओळखीचं असेल तर रात्रीच व्यक्तिगत निरोप करा. सोबत सगळी स्टेटमेंट्स छापून घेतलीत, १,५६६ वाला महिना सगळ्यात वर ठेवलाय.