मदत हवी आहे: मायोर्कात स्पॅनिशचा वर्ग आणि सुट्टी एकत्र

सप्टेंबरात दोन आठवडे स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या पाल्मा शहरात जायचा बेत आहे. सकाळी चार तास स्पॅनिश, दुपारनंतर समुद्र. माझी स्पॅनिशची पातळी ए-2, म्हणजे प्राथमिक. मुक्काम स्थानिक कुटुंबात हवाय, पण खरी मेख तिथेच आहे. बेटावर कातालानही राजभाषा आहे. समुद्रकिनाऱ्याच्या पाट्यांवर स्पॅनिश 'प्लाया' नाही, कातालान 'प्लाट्जा' दिसतं, आणि बरीच घरं आपसात मायोर्कीच, म्हणजे कातालानची तिथली बोली, बोलतात. मग जेवताना स्पॅनिश कानावर पडणार कसं? घरात कास्तेयानो (म्हणजे स्पॅनिशच) बोलणारंच कुटुंब मिळावं म्हणून शाळेला नेमकं काय लिहून द्यायचं?

शेंगेन व्हिसाच्या अर्जात उद्देश 'पर्यटन' लिहायचा की 'अभ्यास'? 30,000 युरोंचा विमा तयार आहे, पण शाळेचं पत्र आणि उद्देश जुळले नाहीत तर अर्ज अडकायची भीती वाटते.

आणि दुपारी वर्ग सुटल्यावर 1912 साली सुरू झालेल्या लाकडी आगगाडीने बेटावरच्याच सोयेर गावाला जाऊन संध्याकाळी परतता येतं का?