युद्धकाळात सेवा केलेल्या स्त्रियांसाठी शिळा: मजकूर तपासून हवा

कोथरूडकर: सोसायटीच्या बागेत 2 बाय 3 फुटांची काळी ग्रॅनाइट शिळा बसवतोय, दुसऱ्या महायुद्धातल्या स्त्रियांसाठी. मजकूर: ‘देशासाठी लढलेल्या वीरांगनांना वंदन’. अक्षरं सोनेरी. छिन्नी लागण्याआधी चुका सांगा.

टाकीचे घाव: सोनेरी रंग नकोच. उन्हापावसात तो पोपडे धरून सुटतो आणि अर्धी अक्षरं तेवढी चमकत राहतात. पॉलिश ग्रॅनाइटवर कोरलेला भाग आपसूक करडा दिसतो, तेवढं पुरतं. फक्त पावसात ओला झाला की करडेपणा दिसेनासा होतो, म्हणून 3 ते 4 मिमी खोल कोरा. मग सावलीवर वाचता येतं. अक्षराची उंची 40 मिमीच्या खाली नेऊ नका. बारीक अक्षरात ‘द्ध’ची पोकळी ढासळते, अनुस्वाराचं टिंब शिरोरेषेला जाऊन मिळतं. फाइल कर्व्ह करूनच (म्हणजे अक्षरांचे फाँट काढून नुसत्या रेषा करून) द्या, नाहीतर मशीनवर ‘ऱ्या’ फुटतो. आधी मूळ मापाची कागदी प्रिंट भिंतीला चिकटवून 3 मीटरवरून वाचा.

शिळा पक्की करायच्या पिना 316 स्टेनलेसच्याच (न गंजणाऱ्या पोलादाचा प्रकार). साधं लोखंड गंजून फुगतं आणि दगडाचा कोपरा उडवतं.

जुनी कागदपत्रं: दगडापेक्षा मजकुराची काळजी जास्त वाटते. ‘लढलेल्या’ म्हटलं की परिचारिका बाहेर राहतात, टेलिफोन आणि सायफर (सांकेतिक संदेश) सांभाळणाऱ्याही. विमेन्स ऑक्झिलरी कोअर (इंडिया) 1942 ची, ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यातली. झाशीची राणी पलटण 1943 ची, सिंगापूरला उभी राहिलेली, आझाद हिंद फौजेतली. दोघी समोरासमोरच्या बाजूंना होत्या! एका ‘देशासाठी’त त्यांना कोंबू नका. प्रत्येकीचं पथक, वर्ष आणि काम वेगळ्या ओळीत लिहा.

लंडनच्या व्हाइटहॉलमधलं 2005 चं स्मारक बघा. ना चेहरा, ना नाव. खुंट्यांना टांगलेले 17 पोशाख. कोण काय करत होती ते कपड्यांवरून कळतं. आपल्याकडे खडकीच्या युद्ध स्मशानभूमीतही हुद्दा, नाव, पथक, तारीख आधी येतं; घरच्यांचा मजकूर असलाच तर तळाशी.

कोथरूडकर: पटलं, वीरांगना काढतो. पुढे पुतळा करून चौकात हलवता येईल का?

टाकीचे घाव: नाही, रस्त्यावर किंवा फुटपाथवर पुतळा चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2013 चा आदेश आहे. बागेतच राहू द्या, आणि तळाच्या दोन ओळी कोऱ्या सोडा. नावं उशिरा सापडतात.