दोन अजॅक्स आणि दोन थ्युसिडिडीस

ट्रॉयच्या युद्धात एकाच, म्हणजे ग्रीकांच्या बाजूला अजॅक्स नावाचे दोन योद्धे, मग ही कथा ऐकणाऱ्यांचा गोंधळ होत नसेल का, असा प्रश्न पडतो. 'इलियड' या महाकाव्याचा कवी होमर मुळी गोंधळाला जागाच ठेवत नाही. सालामिसचा थोरला अजॅक्स, तेलामोनचा मुलगा, धिप्पाड गडी. त्याची ढाल म्हणजे बैलाच्या कातड्याचे सात थर आणि वर कांस्याचा पत्रा. लोक्रिसचा धाकटा, ओइलेउसचा मुलगा, अंगाने लहान पण पळण्यात तरबेज. युद्धात पडलेल्या पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीनंतरच्या धावण्याच्या शर्यतीत तोच पुढे असतो, पण अथेना देवी (तिचा लाडका अर्थात त्याच्या मागे धावणारा ओडिसियस) त्याला पाडते आणि पठ्ठ्या थेट बैलांच्या शेणात तोंडावर आपटतो! शेण थुंकत थुंकत दुसरं बक्षीस घेतो, बाकीचे खो खो हसतात.

इतिहासात मात्र बापाचं नाव लावल्याशिवाय भागत नाही. इतिहासकार थ्युसिडिडीस ओलोरसचा, अथेन्सचा नेता पेरिक्लीस याचा कट्टर विरोधक थ्युसिडिडीस मेलेसियासचा. या दुसऱ्याला इ.स.पू. ४४३ च्या सुमारास खापरांवरच्या मतदानाने अथेन्सबाहेर काढलं. गंमत म्हणजे अँफिपोलिस हे शहर अथेन्सच्या हातचं गेल्यावर, तेव्हा सेनापती असलेल्या इतिहासकाराच्याही नशिबी हद्दपारीच आली, तीही २० वर्षांची.