दोन वॅगन वेगळ्या आहेत

'फॉल ऑफ द वॅगन' आणि 'जम्प ऑन द बँडवॅगन' या इंग्रजी वाक्प्रचारांतली वॅगन एकच का, असं एकाने विचारलंय. नाही, गाड्या वेगळ्या.

पहिली पाण्याची. मूळ प्रयोग 'ऑन द वॉटर वॅगन'. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या शहरांत रस्ते कच्चे, उन्हाळ्यात नुसता फुफाटा. मग घोड्यांची टाकीवाली गाडी पाणी शिंपडत फिरायची, आपण अंगणात सडा घालतो तसंच. तेव्हा दारूबंदीची चळवळ जोरात होती. 'मी पाण्याच्या गाडीवर चढलोय' म्हणजे दारू सोडली. पुढे 'वॉटर' गळलं. गाडीवरून पडला म्हणजे पुन्हा प्यायला लागला. हल्ली डाएट मोडलं तरी हेच म्हणतात. आपलं 'ये रे माझ्या मागल्या' इथे चपखल बसतं, फक्त त्यात दारूचा संबंध नाही.

बँडवॅगन मात्र सर्कशीच्या मिरवणुकीतली, वाजंत्र्यांची नटवलेली गाडी. सर्कसवाले बार्नम यांच्या १८५५च्या आत्मचरित्रात हा शब्द आहे. नंतर निवडणुकीच्या मिरवणुकांतही अशा गाड्या आल्या. जिंकणाऱ्याच्या गाडीवर उडी मारून चढायचं, म्हणजे गर्दी जाते तिकडे जायचं, हा अर्थ तिथलाच. मराठीत 'वाहत्या गंगेत हात धुणे' जवळचं वाटतं, पण त्यात गर्दीमागे जाणं येत नाही, म्हणून भाषांतरात मी ते टाळते.