एका अक्षरानं फसवणारे इंग्रजी शब्द आणि आपली फजिती : तुमचे अनुभव सांगा

परवा मुलाच्या वह्या आणायला बेळगावच्या खडेबाजारात गेले होते. एका दुकानाच्या नव्या पाटीवर इंग्रजीत 'स्टेशनरी' लिहिलेलं, पण शेवटी 'ई'च्या जागी 'ए'. 'ई' असेल तर वह्या-पेनं, 'ए' असेल तर जागचं न हलणारं. दुकानदाराला सांगितलं, तर म्हणाले, "मग चुकलंय काय वहिनी? दुकान हलतंय कुठं? वडलांपासून हितंच हाय की." घरी येऊन शब्दकोश उघडला आणि त्यांचंच खरं निघालं! जुन्या युरोपात फेरीवाल्यांसारखा न हिंडता एका जागी बसून पुस्तकं विकणारा तो स्टेशनर, आणि त्याच्याकडचा माल ती स्टेशनरी. दोन्ही शब्दांचं मूळ एकच.

तुम्हाला कुठल्या अक्षरानं असं फसवलं? सीमाभागातल्यांनी तर लिहाच. आपण अर्थ मराठीत विचारायचा, उत्तर कन्नडात यायचं आणि पेपर इंग्रजीत.

खानापूर

माझं अक्षर 'पी'. मी सातवीत, मराठी माध्यमात. वडलांनी पीककर्ज काढलेलं, त्याच्या कागदावर 'प्रिन्सिपल' आणि पुढं रक्कम. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच. ऐटीत सांगितलं, "हे हेडमास्तरांचे पैसे." वडील चक्रावले. रान आमचं, कर्ज आमचं, मध्येच हेडमास्तर कुठनं आले? दुसऱ्या दिवशी मला घेऊनच बँकेत गेले. तिथल्या क्लार्कला मराठी जेमतेम. त्यांनी कागदावर बोट ठेवून सांगितलं, "इदु असलु, इदु बड्डी री." वडलांना लगेच उमगलं. असलु म्हणजे मुद्दल, बड्डी म्हणजे व्याज. इंग्रजीची गाठ कन्नडानं सोडवली.

लॅटिनात त्या शब्दाच्या मुळाशी 'पहिला, मुख्य' असा अर्थ आहे, हे फार नंतर वाचलं. शाळेतला मुख्य तो मुख्याध्यापक, कर्जातली मुख्य रक्कम ती मुद्दल. म्हणजे मी अगदीच वाया गेलेलो नव्हतो. (शेवटी 'एलई' आलं की मात्र तत्त्व. ते वडलांना सांगायच्या भानगडीत पडलो नाही.)

चिकोडी

'एल'. आमच्याकडं शाळेच्या दाखल्याला टीसी म्हणतात. कॉलेजला कोल्हापूरला गेलो, तिथं खिडकीवर विचारलं, "लिव्हिंग आणलंय का?" मला वाटलं, जिवंत असल्याचा कागद मागतायत. आजोबा पेन्शनीसाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतात, तो डोक्यात बसलेला. मूळ शब्द लीव्हिंग, म्हणजे सोडल्याचा. एका वेलांटीत केवढा फरक!

निपाणी

आयुष्यभर मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळं 'के' माझ्या पाचवीलाच पुजलेला. नाइफ, नी, नॉट, नो. 'के' लिहायचा, म्हणायचा नाही. एका पोरानं सगळी ओळ "क्नाइफ, क्नी, क्नॉट" अशी खणखणीत वाचली. वर्ग हसला, मीही हसलो. पुढं वाचनात आलं की जुने इंग्रज तसंच म्हणत. सतराव्या शतकाच्या सुमारास उच्चार गळाला, स्पेलिंग तेवढं मागं राहिलं. जर्मन माणूस गुडघ्याला अजून 'क्नी'च म्हणतो. पोरगं बरोबर होतं, तीन-चारशे वर्षं उशिरा जन्मलं एवढंच.

अर्थांकडं वळलो तर आणखी गंमत. गुडघ्याचा 'नी' आणि आजानुबाहूतला 'जानु' एकाच घराण्यातले. जाणण्याचा 'नो' आणि संस्कृतातला 'ज्ञा' धातू तर सख्खे. पुढच्या वर्षी हे सांगताना फळ्यावर 'ज्ञान' लिहिलं आणि वाचायला लावलं. पोरं म्हणाली, "द्न्यान." मागच्या बाकावर कन्नड घरातली एक मुलगी होती. ती म्हणाली, "सर, आमच्या घरी ग्न्यान म्हणतात." 'ज्ञ' म्हणजे मुळात ज् आणि ञ, पण त्यातला 'ज' दोघांच्याही तोंडात नव्हता. त्या दिवसापासून 'के'ला हसणं मी बंद केलं.

टिळकवाडी (मीच पुन्हा)

सर, मुलाला हे वाचून दाखवलं. तो विचारतोय, 'नॉलेज'मध्ये 'के' गप्प बसतो, मग 'ॲकनॉलेज'मध्ये आवाज कुठनं येतो?

निपाणी

शब्दाच्या तोंडाशी 'क्न' म्हणायला इंग्रजांची जीभ वळेना. आधी 'ॲ' आला की 'क' त्याला टेकतो, 'न' पुढच्या अक्षरात जातो. त्याला "ॲक" म्हणून थांबायला सांगा आणि मग "नॉलेज". अवघड काहीच उरत नाही.