चौतिसाव्या वर्षी एमबीबीएस: जिद्द की सीट अडवणं?

इंद्रायणीकाठ (धागाकर्ता)
माझा मावसभाऊ, वय 33. हिंजवडीत दहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. वडिलांच्या आजारपणात महिनाभर आयसीयूच्या बाहेर बसला आणि तेव्हापासून डॉक्टर व्हायचं हे डोक्यात घेतलंय. राजीनामा देऊन नीट या प्रवेश परीक्षेच्या मागे लागलाय. घरात दोन तट पडलेत, मी विरोधातल्या तटात.

पैसे त्याचे, संसार त्याचा, त्याबद्दल मी बोलणार नाही. माझा आक्षेप सरकारी सीटवर आहे. पूर्वी खुल्या गटाला 25 आणि राखीव गटाला 30 अशी वयाची अट होती, ती राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मार्च 2022 मध्ये काढून टाकली. 2025 च्या नीटला 22 लाखांहून जास्त पोरं बसली. एमबीबीएसच्या जागा देशभरात लाखाच्या थोड्या वर, त्यातही सरकारी साधारण निम्म्या. आता हिशेब करा. 34 ला प्रवेश, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, म्हणजे चाळिशी. मग सरकारी कॉलेजचं वर्षभराच्या सरकारी सेवेचं बंधपत्र. एमडी करायचं म्हटलं तर 44. आपल्या करातून शिकवलेला डॉक्टर लोकांच्या कामाला येणार किती वर्षं? एकोणीस वर्षांच्या पोराची जागा त्याने का घ्यावी?

वॉर्डातला
हा हिशेब लावायचाच तर सगळ्यांना लावा की. माझ्या बॅचचे तिघं इंटर्नशिप संपल्याबरोबर यूपीएससीच्या क्लासला गेले, दोघं अमेरिकेत, एकाचं आज कोल्हापूरला हॉटेल आहे (पांढरा रस्सा उत्तम, पण ते असो). सगळे एकोणिसाव्या वर्षी आत आलेले. त्यांच्या सीटचं ऑडिट कुणी केलं? उलट आमच्यात एक तिशीतला होता, आधी औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट. आम्ही नातेवाइकांना बघून पळायचो, तो बाकावर शेजारी बसून बोलायचा. आज तालुक्याच्या गावी आहे आणि तिथेच राहील.

एवढं मात्र भावाला स्पष्ट सांगा. मेडिसिनची इमर्जन्सी लागली की रात्र सलग उभ्याने जाते आणि सकाळी राउंड चुकत नाही. तेविसाव्या वर्षी ते सोसलं. आता एक नाइट केली की मला दोन दिवस लागतात सावरायला. आणि ज्याच्याकडून बोलणी खायची तो वरचा रेसिडेंट डॉक्टर त्याच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असेल. अभ्यासापेक्षा हे जड जातं.

रिपीटरची आई
मी लातूरला खोली घेऊन राहते. लेकीचा दुसरा प्रयत्न. नवरा गावाकडे, शेती आणि म्हातारी माणसं सांभाळतो. तुमच्या भावाकडे दहा वर्षांच्या पगाराची गादी आहे, पडला तर परत कंपनीत जाईल. माझी लेक पडली तर पुढच्या वर्षी खोलीचं भाडं कुठून आणायचं हा प्रश्न आहे. स्पर्धा बरोबरीची म्हणता, पण बरोबरी आहे कुठे?

कोथरूडकर
@रिपीटरची आई, तुमचा त्रास कळतो, पण मार्क पडले तर सीट त्याची. वय बघून मार्क कापणार का? ओडिशात 2020 साली 64 वर्षांचे निवृत्त बँक अधिकारी नीट काढून सरकारी कॉलेजात गेले, तेव्हा पेपरवाल्यांनी डोक्यावर घेतलं. मग 33 वर्षांच्या माणसाने काय पाप केलंय?

रिपीटरची आई
पेपरात फोटो यायला एक जण पुरतो. त्याच्यामागे कटऑफवर कोण राहिलं त्याचा फोटो येत नाही.

तळटीप
तात्त्विक भांडण नंतर. बारावीला बायोलॉजी होतं का? आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच ना? नसेल तर डोमिसाइल असूनही राज्याच्या 85 टक्के कोट्यात बसणार नाही, फक्त ऑल इंडियाचे 15 टक्के उरतील.

इंद्रायणीकाठ
दहावी-बारावी दोन्ही पुण्यात. पण बायोलॉजी सोडून बायफोकल इलेक्ट्रॉनिक्स घेतलं होतं, 200 मार्कांसाठी, आमच्या वेळी सगळेच घ्यायचे.

तळटीप
2023 च्या नोव्हेंबरात आयोगाने वाट मोकळी केली आहे, बारावीनंतर बायोलॉजी जादा विषय म्हणून पास झालं तरी चालतं. बोर्डाचा 'तुरळक विषय'वाला फॉर्म भरायला लावा. तारीख गेली तर सगळं वर्ष गेलं.

भाकरीपिठलं
मला वेगळंच खटकतं. रुग्णसेवेचा ध्यास आहे तर एमबीबीएसच कशाला? बाबा आमटे वकील होते. कुष्ठरोग्यांसाठी काम करायचं ठरल्यावर कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन अभ्यासक्रम केला आणि आनंदवन उभं केलं. भाऊ टेस्टिंगमधला माणूस आहे, दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये काय भोंगळ कारभार असतो तो त्याच्याइतका कोणाला कळणार? तिथे सेवा होत नाही का? गळ्यात स्टेथोस्कोप हवाय, हे कबूल करावं.

वॉर्डातला
बाबांचं उदाहरण अर्धंच दिलंत. त्यांची दोन्ही मुलं, विकास आणि प्रकाश, एमबीबीएस आहेत. ध्यास घरात होताच, तरी हेमलकशाला सुरी हातात धरायला डॉक्टरच लागला. दाखला द्यायचाच तर अल्बर्ट श्वाइट्झरचा द्या. धर्मशास्त्राचा प्राध्यापक, ऑर्गनवादक, तिशीत 1905 साली वैद्यकीला बसला आणि 1913 मध्ये आफ्रिकेत लांबारेनेला गेला. स्टेथोस्कोप हवा असं वाटण्यात लाज कसली? मलाही सतराव्या वर्षी तोच हवा होता.

भाकरीपिठलं
श्वाइट्झरने लातूरच्या पोरीची सीट घेतली नव्हती.

कोथरूडकर
वहिनीला कुणी विचारलं का? इथे सगळे सीटवर भांडताहेत, सहा वर्षं घर कोण चालवणार?

इंद्रायणीकाठ
ती बँकेत आहे, ईएमआय तिच्या पगारातून. मला वाटलं होतं ती माझ्या तटात असेल. गेल्या रविवारी गेलो तर तीच मोबाइलवर गजर लावून त्याचा पेपर घेत बसलेली. 180 मिनिटं, 180 प्रश्न. मला दाराशीच थांबवलं, चहासुद्धा पेपर संपल्यावर. बायोलॉजीत 90 पैकी 71 बरोबर आले. फिजिक्समध्ये, इंजिनिअर असून, 45 पैकी 14.

रिपीटरची आई
14? मग यंदा तरी त्याच्याकडून आम्हाला धोका नाही. लेकीला सांगते.