संयम वाढवता येतो का?

प्रश्न: समोरची व्यक्ती सावकाश बोलू लागली की तिचे वाक्य मीच पूर्ण करतो, आणि मुलाने गणितात तीच चूक तिसऱ्यांदा केली की माझा आवाज चढतो, नंतर त्याचा उतरलेला चेहरा दिवसभर डोळ्यांसमोरून हलत नाही. चाळिशीनंतर हा स्वभाव बदलू शकतो का?

पहिले उत्तर: नक्कीच बदलू शकतो, मात्र ‘आजपासून चिडणार नाही’ असा मोघम निश्चय क्वचितच टिकतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये ‘जर-तर’ पद्धतीच्या संकल्पांविषयी सविस्तर लिहिले होते. ‘जर मुलाने तीच चूक पुन्हा केली, तर मी आधी त्यालाच त्याची रीत सांगायला लावीन,’ असा प्रसंग आणि कृती यांची सांगड घालणारा संकल्प आधीच केलेला असला, की ऐन रागाच्या क्षणी नव्याने विचार करावा लागत नाही. मला स्वतःला याचा फार उपयोग झाला, जरी पहिले काही आठवडे संकल्प आठवेपर्यंत बोलून झालेले असे.

दुसरे उत्तर: उच्छ्वास लांबवून पाहा. श्वास सोडताना व्हेगस या मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या चेतातंतूचा प्रभाव वाढून हृदयाचे ठोके किंचित मंदावतात.

तिसरे उत्तर: आपण नेमके कोणत्या वेळी चिडता, याची नोंद ठेवावी, असे मी आग्रहाने सुचवीन. माझ्या वहीत बहुतेक प्रसंग अपुऱ्या झोपेनंतरचे निघाले.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. मुलाचा अभ्यास मी नेहमी रात्री, थकलेला असतानाच घेतो, हे आत्ता लक्षात आले. उद्यापासून तो सकाळी घेईन.